मदत हवी आहे: हंटिंग्टन बीचच्या पिअरशेजारी सर्फिंग, ओढ आणि गळाच्या दोऱ्या

खारी_बिस्किट:
नमस्कार मंडळी, दक्षिण कॅलिफोर्नियात सर्फिंग करणारं कोणी आहे का इथे?

मी अर्व्हाइनला असते. बोल्सा चिकाला आठ फुटी फोमच्या बोर्डावर शिकले. तिथल्या लाटा गरीब स्वभावाच्या, सावकाश फुटतात. आता फेसात न अडकता, न फुटलेली लाट अधूनमधून मिळते, म्हणून हंटिंग्टनच्या पिअरपाशी (समुद्रात लांबवर गेलेला, खांबांवर उभा धक्का) जायला लागले आहे. तिथलं प्रकरण वेगळंच निघालं.

पिअरच्या दक्षिणेला, खांबांपासून चांगली लांब उतरते. बोर्डावर बसून लाटेची वाट बघावी, तर पाहता पाहता पिअर जवळ आलेला असतो. हात मारून मारून खांदे भरून येतात, पण मी जागच्या जागी. खांबांवर शिनाण्यांचा, म्हणजे घट्ट चिकटलेल्या शिंपल्यांचा, जाड थर आहे, त्यावर घासलं तर काय होईल ते कोकणातल्यांना सांगायला नको. त्यात वरून गळ टाकून माणसं बसलेली. दोरी पाण्यातून दिसत नाहीच. परवा एका आजोबांनी कठड्यावरून हातवारे केले तेव्हा कळलं की माझ्या पुढ्यातच दोरी आहे.

तर, कोणत्या बाजूला उतरावं? दोरीत अडकले तर काय करायचं? आणि तिथल्या गर्दीत लाट कोणाची हे कसं ठरतं? आई फोनवर "काठावर बसून भेळ खा की" म्हणते, तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

उधाण:
बाजू ऋतूवर ठरते. उन्हाळ्यात लाटा दक्षिणेकडून येतात, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी वायव्येकडे सरकतं. तुम्ही दक्षिणेला उतरलात की ते तुम्हाला आपसूक पिअरवर नेणार. अशा दिवशी उत्तरेला उतरा, वाहून गेलात तरी पिअरपासून लांब जाल. हिवाळ्यात लाटा वायव्येकडून येतात, तेव्हा बरोबर उलटं.

पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं वाळूत बसून बघा. बाकीचे सर्फर कुठल्या दिशेला सरकताहेत ते दिसतं. उतरल्यावर किनाऱ्यावरची एक खूण धरा, लाइफगार्डचा मनोरा वगैरे. खूण सरकली की ओढीशी भांडत बसू नका. एखाद्या फेसावर पोटावर झोपून बाहेर या, चालत मागे जा, पुन्हा उतरा. सगळे हेच करतात.

खांबांना लागून बरेचदा खोल समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो. मुरलेले लोक त्याचा उपयोग फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पोचायला करतात. तुम्ही इतक्यात करू नका. खांबांमधून लाट घेत जाणारेही दिसतील, त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवा फक्त.

झणझणीत_रस्सा:
गर्दी होणारच. खांबांमुळे पाण्याचा वेग मोडतो, वाळू साचते, तिचे उंचवटे होतात आणि लाट तिथे नीट आकारात फुटते. १९१४ साली काँक्रीटचा पिअर सुरू झाला तेव्हा हवाईहून आलेल्या जॉर्ज फ्रीथ या सर्फरने तिथे लाटांवर उभं राहून दाखवलं होतं. आताचा पिअर १९९२ चा, १९८८ च्या वादळानंतर नव्याने बांधलेला.

लाट कोणाची? जिथून फुटायला सुरुवात होते त्याच्या सर्वांत जवळ जो, त्याची. तो उठला की आपण हात आवरायचा. वळसा घालून त्याच्या आत जाऊन बसणं म्हणजे विरार लोकलमध्ये रांग मोडून खिडकी पटकावणं. शिव्याही तशाच मिळतात. बोर्ड सोडून देऊन डुबकी मारायची नाही, मागच्याचं तोंड फुटतं.

कोळंबी_फ्राय:
मी वरच्या पार्टीतला. कॅलिफोर्नियात सार्वजनिक पिअरवरून मासेमारीला परवाना लागत नाही, म्हणून शनिवार-रविवार कठड्याला जागा नसते. फुटणाऱ्या लाटांपाशी गळ टाकणारे सर्फपर्च वगैरे मासे बघत असतात, म्हणजे नेमके तुमच्याच पट्ट्यात. वर नजर ठेवा. काठ्या ज्या बाजूला झुकलेल्या, दोऱ्या त्या बाजूला.

अडकलात तर ओढू नका, ओढलं की गरी रुतते. हात वर करून ओरडा, आम्ही दोरी ढिली सोडतो किंवा कापतो. गरी मांसात रुतली असेल तर पाण्यात उपटायची नाही, थेट लाइफगार्डकडे.

आणि उथळ पाण्यात पाय घासत चाला. वाळूत पाकट मासे असतात. काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात, लाइफगार्डकडे सोय असते.

खारी_बिस्किट:
सगळ्यांचे आभार! उत्तरेचं डोक्यातच आलं नव्हतं, गाडी दक्षिणेला लावते म्हणून तिकडेच उतरायचे. अजून एक: पिवळ्या झेंड्यावर काळा गोळा लावला की सगळे बाहेर का येतात?

उधाण:
तो लागला की बोर्डावर बंदी. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची गर्दी वाढली की लावतात. म्हणून सकाळी लवकर जा, वाराही पडलेला असतो.