मदत हवी: भावाच्या अंगावर पुरळ आलंय आणि डॉक्टर म्हणतात चांगलं लक्षण

तळ्याकाठी
कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा प्लीज. भावाच्या बीएमटीचा (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) आज ३८ वा दिवस. काल संध्याकाळपासून दोन्ही तळहात लालबुंद झालेत, कानांच्या मागे पुरळ, खाज नाही म्हणतो पण चटका बसल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना फोटो पाठवला तर म्हणाले सौम्य आहे, मलम लावा, सोमवारी दाखवायला या, आणि वर म्हणाले थोडं झालं तर चांगलंच असतं. चांगलं कसं?? प्रतिकारशक्ती परत यावी म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलोय आणि आता तीच त्याच्या अंगावर उठली म्हणतात. मग कॅन्सर झाला तेव्हा ही कुठे होती? आईला काय सांगू?

गवती चहा
कुठला कॅन्सर? पेशी त्याच्याच की दात्याच्या? जुलाब होतायत का, डोळे पिवळे दिसतात का? आणि सायक्लोस्पोरिन, म्हणजे दात्याच्या पेशींना आवरणारं औषध, वेळेवर घेतोय ना? एवढं सांगा, मग बोलू.

रानवारा
उष्णता आहे ती. गुळवेलीचा काढा सुरू करा, इम्युनिटी वाढते. आमच्या काकूंना केमोनंतर खूप फरक पडला होता.

बदलापूर लोकल
काढा अजिबात नको! इथे इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, तुम्ही वाढवायला निघालात. शिवाय गुळवेलीने लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

रानवारा
आयुर्वेदाला नावं ठेवायची फॅशनच झालीय. काकू आज ठणठणीत आहेत.

बदलापूर लोकल
काकूंना दुसऱ्याच्या पेशी दिल्या होत्या का? नाही ना? मग तुलनाच होत नाही. पपनससुद्धा बंद असतं सायक्लोस्पोरिनवर, रक्तातली त्याची लेव्हल वाढते.

तळ्याकाठी
सॉरी, घाईत राहिलं. एएमएल, म्हणजे ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. वय २४. पेशी माझ्या, मॅचिंगच्या खुणा दहापैकी दहा जुळल्या. जुलाब नाहीत. म्हणजे माझ्याच पेशी त्याला त्रास देतायत का? रात्रभर झोप नाही.

खारघर स्टेशन
नेक्सकार१९ बद्दल विचारा, आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलने मिळून केलेली आपली कार-टी (पेशंटच्याच टी पेशी, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशी, बदलून कॅन्सरवर सोडायची थेरपी), २०२३ ला मान्यता मिळाली, परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त.

गवती चहा
ती सीडी१९ नावाचं प्रथिन शोधते, आणि ते असतं रक्तातल्या बी पेशींवर. बी-ऑल किंवा काही लिम्फोमा, म्हणजे बी पेशींचे कॅन्सर, असतील तर ठीक, एएमएलला ती नाही चालत. आणि त्यांनी ते विचारलेलंच नाही.

ताई, मी स्वतः पेशंट होते, भावाकडूनच घेतल्या होत्या. ल्युकेमियाच्या पेशी आपल्याच मज्जेतून निघतात, त्यामुळे आपल्या टी पेशींना त्या घरच्याच वाटतात, शिवाय त्या लपायलाही शिकतात. शक्ती कमी पडली असं नाही, ओळखच पटली नाही. तुमच्या टी पेशी मात्र त्या घरात पाहुण्या आहेत, केमोतून वाचलेली एखादी पेशी त्यांना खटकते आणि त्या तिला मारतात. पण कातडीही त्यांना परकीच वाटते, म्हणून तळहात. जीव्हीएचडी म्हणतात ते हेच. जुळ्या भावंडाच्या, अगदी सारख्या पेशी दिल्या तर पुरळ जवळजवळ येत नाही पण आजार उलटायचं प्रमाण जास्त, त्यावरूनच डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. त्यातून बहिणीच्या पेशी भावाला दिल्या की धोका जरा जास्त, कारण वाय क्रोमोसोमवरची प्रथिनं त्या पेशींनी आयुष्यात पाहिलेली नसतात. तुम्ही त्याला त्रास नाही देत आहात, तुमच्या पेशी कामाला लागल्यात.

पण "चांगलं" फक्त थोडं असेपर्यंतच. पुरळ छाती-पाठीवर पसरलं, पाण्यासारखे जुलाब लागले, डोळे पिवळे झाले तर सोमवारची वाट न बघता आजच निघा. कातडी, आतडी आणि लिव्हर, तीनच ठिकाणी नजर ठेवायची.

नीरा नरसिंहपूर
मध्येच विचारतो, पुढच्या महिन्यात वडिलांना परळला न्यायचंय, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवायला काय काय कागद लागतात?

बदलापूर लोकल
वेगळा धागा काढा, इथे हरवेल. आणि ताई, सायक्लोस्पोरिनच्या लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घ्यायच्या आधी द्यायचं, आमच्याकडे घाईत आधी औषध देऊन बसलो आणि आकडा भलताच आला.

तळ्याकाठी
खूप खूप आभार, आईला वाचून दाखवलं. गवती चहा, तुम्ही औषधाचं विचारलंत म्हणून भावाला खोदून विचारलं. सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलला उग्र वास येतो, तीन-चार वेळा घेतल्या घेतल्या उलटून पडली आणि हा गप्प बसला, परत घेतलीच नाही. आम्ही पाकीट रिकामं बघून समजत होतो पोटात गेली. आत्ता डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी उपाशी, डोस न घेता, लेव्हलसाठी बोलावलंय. वासावर काही उपाय आहे का?

गवती चहा
पाकिटातून काढून दोन मिनिटं तशीच ठेवा, वास उडतो. मी तसंच करायचे.