भोसरीतल्या फाउंड्रीला कार्बन क्रेडिट मिळतील का? सल्लागाराचा प्रस्ताव तपासायचाय

ग्रेआयर्न_भोसरी:
एमआयडीसीत ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) फाउंड्री आहे, ५०० किलोची इंडक्शन भट्टी. महिन्याला २०० टन मेल्ट (वितळवलेलं लोखंड) आणि १२० टन चांगला माल. वीज १,६०,००० युनिट, शेल कोअरला (साच्यातले वाळूचे गाभे) एलपीजी १.५ टन, डीजीला (जनरेटर) ६०० लिटर डिझेल. छतावर १०० किलोवॅट सोलर घ्यायचं चाललंय. सल्लागार सांगतो की केंद्राच्या कार्बन क्रेडिट योजनेत प्रत्येक कारखान्याला टार्गेट येणार, आत्ताच नोंदणी करा, सोलरच्या क्रेडिटमधून तीन वर्षांत पैसे फिटतील. फी आगाऊ मागतोय. शिवाय जर्मनीच्या ग्राहकाने 'टनामागे किती कार्बन' असं विचारलंय. खरं काय?

युनिट_मोजणारा:
फी थांबवा. 'प्रत्येक कारखाना' हे साफ चूक आहे. २८ जून २०२३ च्या अधिसूचनेने आलेल्या योजनेचे दोन भाग आहेत आणि सल्लागार मंडळी ते सोयीने एकत्र कालवतात.

पहिला भाग सक्तीचा, पण फक्त यादीत नाव असलेल्या मोठ्या कारखान्यांना. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्य दिलं गेलं, आधारवर्ष २०२३-२४. लक्ष्य एकूण धुराचं नाही, टनामागच्या उत्सर्जनाचं आहे. म्हणजे उत्पादन वाढवायला आडकाठी नाही. देशाचं २०३० चं वचनही असंच आहे: २००५ च्या तुलनेत जीडीपीमागची उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी. हिशोब असा: (लक्ष्य वजा प्रत्यक्ष) गुणिले उत्पादन, तेवढी प्रमाणपत्रं (म्हणजेच क्रेडिट, एक म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड) मिळतात. आकडा उणे आला तर तेवढी बाजारातून विकत घ्यायची. नाही घेतली तर सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई.

आता तुमचं माप काढा. वर्षाचे १९.२ लाख युनिट, युनिटला ८६० किलोकॅलरी, म्हणजे साधारण १६५ टन तेल-समतुल्य. जुन्या पॅट योजनेत (मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्यं देणारी) लोखंड-पोलादाला लागू होण्याची किमान मर्यादा सुरुवातीला ३०,००० टन होती. तुम्ही त्या गल्लीत राहतच नाही.

दुसरा भाग ऐच्छिक, ऑफसेटचा (स्वतःहून उत्सर्जन कमी करून क्रेडिट मिळवायचा). यादीबाहेरच्यांना तो खुला आहे, पण मान्य पद्धतीत बसणं, अधिकृत संस्थेची तपासणी, नंतर पडताळणी, हे सगळं आलं. पुण्यात १०० किलोवॅट सोलर वर्षाला १.४ लाख युनिटच्या आसपास देतं. ग्रिडच्या युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सरासरी आकडा याच्या जवळपास असतो). झाले ९८ टन, म्हणजे फार तर ९८ क्रेडिट. समजा एकाला ८०० रुपये मिळाले, तरी वर्षाला ७८ हजार. पडताळणीवाल्याची फी आणि कागदपत्रं यातच ते संपतील. सोलर जरूर घ्या, पण वीजबिलासाठी. क्रेडिटचा रकाना शून्य धरून परतावा मांडा.

लॅडल_आणि_लायनिंग:
वरचा हिशोब बरोबर. पण सोलरच्या आधी मेल्टचा आकडा बघा. २०० टन वितळवून १२० टन माल, म्हणजे यील्ड ६० टक्के. उरलेले ८० टन रायझर (आकसणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा जादा भाग), रनर (धातू वाहायची वाट) आणि रिजेक्शन, जे परत भट्टीत जातं. हेच यील्ड ६५ वर नेलं तर १२० टनाला १८५ टन मेल्ट पुरेल. १५ टन कमी, टनाला ६२० युनिट धरले तर महिन्याला ९,५०० च्या आसपास युनिट वाचले. वर्षाला ८० टन कार्बन, म्हणजे जवळजवळ तुमच्या सोलरएवढा, आणि तोही छत न झाकता! साडेआठ रुपये युनिटने पैसे वर्षाला साडेनऊ लाखांच्या पुढे.

मात्र रायझर उगाच कापू नका, श्रिंकेज (थिजताना आत पडणारी पोकळी) येऊन रिजेक्शन वाढेल आणि सगळं मुसळ केरात. आधी एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायझर गरम ठेवणारं वेष्टण) लावून छोटा रायझर चालतो का ते दोन-तीन पॅटर्नवर बघा आणि कास्टिंग कापून तपासा.

ग्रेआयर्न_भोसरी:
रिजेक्शन ७ टक्के आहे. रिटर्न (ते परत वितळवायचे तुकडे) ब्लास्ट करून वाळू न झाडता तसेच चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) जातात.

लॅडल_आणि_लायनिंग:
मग तिथेच वीज जळते. चिकटलेली वाळू तापवायला वीज लागते आणि शेवटी तिचा स्लॅगच (मळी) होतो. तो काढायला झाकण उघडं, तेवढा वेळ १,४५० अंशांवरून उष्णता बाहेर. रिटर्न टंबल करून (ड्रममध्ये फिरवून) टाका. लॅडल (धातू ओतायचं भांडं) गरम नसेल तर मेल्टर टॅपिंगचं (धातू भट्टीतून काढतानाचं) तापमान ४०-५० अंश चढं ठेवतो, तेही बघा. मोल्डिंग लाइन थांबल्यावर भरलेली भट्टी होल्डवर किती मिनिटं राहते, हे आठवडाभर हीटनुसार (भट्टीच्या प्रत्येक खेपेनुसार) लिहून काढा. हीटमागच्या युनिटमध्ये फरक का पडतो ते बहुतेक तिथेच कळतं. लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) पातळ करून युनिट वाचवायच्या मात्र नादी लागू नका, धातू भट्टीभोवतीच्या कॉइलपर्यंत गेला तर जीवावर बेतेल.

निर्यात_कागद:
जर्मनीचं वेगळं. युरोपचा सीबॅम (आयात मालावरचा कार्बन आकार) १ जानेवारी २०२६ पासून पैसे आकारणाऱ्या टप्प्यात आला. आधी एचएस कोड (मालाचा कस्टम वर्गीकरण क्रमांक) बघा. ७३१८ किंवा ७३२६ मध्ये माल जात असेल तर लागू. ८७०८ चे वाहनाचे सुटे भाग त्या यादीत नाहीत. गंमत म्हणजे लोखंड-पोलादाला तिथे थेट (कारखान्यात जळणाऱ्या इंधनाचं वगैरे) उत्सर्जनच मोजतात, विजेचं नाही. त्यामुळे सोलरने तो आकडा हलणार नाही. चार्जमधलं पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) मात्र त्याच्या पूर्वीच्या कार्बनसह मोजलं जातं, स्क्रॅप शून्य धरतात. पिगच्या पुरवठादाराकडून आकडा लेखी मागा.

ग्राहकाला विजेचा आणि थेट इंधनाचा असे दोन्ही आकडे वेगळे द्या. वीज ११२ टन, एलपीजी ४.५ (किलोला ३ किलो), डिझेल १.६ (लिटरला २.७ किलो). महिन्याचे ११८ टन भागिले १२० टन माल, म्हणजे टनाला ०.९८ टन. यात पिग आयर्न धरलेलं नाही, तसं स्पष्ट लिहा.

युनिट_मोजणारा:
राहिलं एक. ऊर्जा दक्षता ब्युरोची अदिती योजना जुलै २०२५ पासून आहे, फाउंड्री तिच्या १४ क्षेत्रांत येते. कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सवलत. अट किमान १० टक्के ऊर्जाबचतीची. आधी गुंतवणूक-दर्जाचं (कर्जाला आधार होईल असं सविस्तर) ऊर्जा-ऑडिट, मगच खरेदी. मशीन आधी घेऊन नंतर अर्ज केला तर तुलनेला आधीचा आकडाच उरत नाही, म्हणून आजपासून मेल्टिंगला वेगळा मीटर लावा. औंधला मेडाचं (राज्याची ऊर्जा विकास संस्था) कार्यालय आहे, राज्यात ब्युरोचं काम तेच बघतात. ऑडिटरची यादी तिथेच विचारा.