अहवालात न मावलेला दिवस : सर्चच्या कामातले अनुभव

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सात-आठ क्लायंटचे अहवाल बनवते. क्लिक, इम्प्रेशन (साइट शोधाच्या निकालात किती वेळा दिसली), सरासरी क्रमांक, मागच्या महिन्याशी तुलना. पण महिन्यातला जो दिवस मनात राहतो, तो त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. एसइओ (शोधाच्या निकालात साइट वर आणायचं काम), गूगलच्या जाहिराती, कंटेंट, ज्यांचं पोट सर्चवर चालतं त्या सगळ्यांनी इथे तसा एक दिवस लिहावा. क्लायंटची नावं नकोत. सुरुवात मी करते.

२०११ मध्ये पुण्यात एका छोट्या एजन्सीत लागले. काम काय, तर साइटकडे येणाऱ्या लिंका वाढाव्यात म्हणून रोज ४० डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे साइटच्या याद्यांमध्ये, ती नोंदवायची आणि एकच लेख शब्द इकडचे तिकडे करून वीस ठिकाणी टाकायचा. तेव्हा सगळे हेच करायचे आणि रँकही यायचा. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन आला, म्हणजे अशा बनावट लिंकांवर वर आलेल्या साइटना खाली ढकलणारा गूगलचा बदल. भोसरीत पंपांचे सुटे भाग बनवणारे एक काका आमचे क्लायंट होते. त्यांची साइट पहिल्या पानावरून सातव्या पानावर गेली. ते ऑफिसात आले, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "ताई, आमच्याकडून काही चुकलं का?"

त्या लिंका माझ्याच हातच्या होत्या. वरिष्ठ म्हणाले, सांग की गूगलने नियम बदलले. मी काकांना खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि खरं काय ते सांगितलं. पुढचे पाच महिने साइटमालकांना 'लिंक काढा' म्हणून मेल पाठवले. काहींनी काढायचेही पैसे मागितले. ऑक्टोबरात 'या लिंका धरू नका' असं गूगलला सांगायचं डिसअवाऊ टूल आलं, तेव्हा उरलेल्यांची यादी त्यात भरली. तरी पेंग्विन पुढच्या वेळी चालेपर्यंत नुसती वाट पाहायची होती. काका थांबले. आजही आमच्याकडेच आहेत. तेव्हापासून एकही लिंक मी विकत घेतलेली नाही.

देवगडहून

आमची हापूसची बाग आहे. २०२० मध्ये नोकरी सोडून घरी आलो आणि पेट्या ऑनलाइन विकायला लागलो. जाहिराती चालवायचा अनुभव गाठीशी होता, पण घरचे पैसे लावताना हात वेगळाच थरथरतो. पहिल्या हंगामात 'हापूस' शब्द ब्रॉड मॅचवर (जवळपासच्या कुठल्याही शोधाला जाहिरात दिसेल असा) ठेवला आणि ४ दिवसांत ११ हजार रुपये उडाले. सर्च टर्मचा रिपोर्ट उघडला तर आमरसाची रेसिपी, आंब्याचं चित्र कसं काढावं, हापूसचं कलम कुठे मिळेल. रात्री बसून निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची, यादी केली. आता ती सहाशेच्या वर गेली आहे.

बाबांना क्लिक सांगितले की ते एवढंच विचारतात, "पेट्या किती गेल्या?" त्यांचंच बरोबर आहे. अवकाळीने मोहर गळला त्या वर्षी मी मार्चमध्ये सगळ्या जाहिराती बंद केल्या. झाडावर फळ नसताना ऑर्डर घ्यायची नाही, हे बाबांनी त्यांच्या वडिलांकडून शिकलेलं.

आणखी एक सांगतो. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही आहेत. लोक शोधतात 'खरा देवगड हापूस कसा ओळखावा'. मी बाबांना बागेत बसवलं, ते बोलत गेले, मी लिहीत गेलो: देठाजवळचा खळगा, सालीची जाडी, घमघमाट. त्या एका पानावर मी आजवर जाहिरातीचा एक रुपया घातलेला नाही आणि तरी सगळ्यात जास्त ऑर्डर तिथूनच येतात.

ठाण्याहून, आरोग्यविषयक मजकुराचं संपादन

गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात क्वेरीची, म्हणजे लोकांनी काय टाइप करून आपलं पान गाठलं त्याची, यादी असते, सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट नवीन मुलांना मी मुद्दाम सांगते. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल खासगीपणासाठी त्या यादीतून लपवतं. दोन-तीन महिन्यांत निदान काही डझन माणसांनी टाइप केलं असेल, तरच ते दिसतं.

एकदा गरोदरपणाच्या एका पानाची यादी बघत होते. तिथे ओळ होती : 'सातवा महिना बाळ हलत नाही काय करू'. क्लिक ९. मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे ही एकटी बाई नव्हती. अशा कित्येक जणी, बहुतेक रात्री, फोन हातात घेऊन हेच टाइप करत होत्या. आणि आमचं पान कसं सुरू होत होतं? 'मातृत्व हा प्रत्येक स्त्रीच्या आयुष्यातील सुंदर टप्पा असतो.' मग जाहिरात. मग सहाशे शब्दांची प्रस्तावना, कारण लांब लेख वर येतो असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या सल्लागार डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्याच दुपारी सगळ्यात वर मोठ्या अक्षरात टाकलं : हालचाल कमी वाटत असेल तर वाचत बसू नका, सकाळची वाट पाहू नका, आत्ता दवाखान्यात जा. प्रस्तावना काढून टाकली. पुढच्या महिन्याच्या अहवालात त्या पानावर लोक थांबण्याचा सरासरी वेळ निम्म्यावर आलेला दिसला, लाल रंगात. मीटिंगमध्ये विचारणा झाली. मी म्हटलं, हा आकडा असाच हवा आहे.

नाशिकहून

माझी शिफ्ट अमेरिकेच्या वेळेवर चालते. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन. लेक शाळेतून येते, तासभर भेट होते, मग मी कामाला बसते. ब्लॅक फ्रायडे (अमेरिकेतला नोव्हेंबरातला मोठ्या सेलचा दिवस) म्हणजे काय, हे तिला दुसरीतच कळलं. फराळाची आवराआवर झाली की आई दिसत नाही, तो दिवस. मला काम आवडतं, पगारही आवडतो. पण तो एक तास मी कुणाला देत नाही, क्लायंटचा कॉल असला तरी.

मुंबईहून, शेतीविषयक मराठी साइट

एका शेतकरीदादांचा फोन आला, तुमच्या साइटवर शेतकऱ्यांसाठी पीकविम्याचं काहीच नाही. आमच्याकडे त्यावर ४३ लेख होते! त्यांना म्हटलं, शोधून दाखवा. त्यांनी शोधलं, खरंच काही आलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र येत होतं.

दोन दिवस लागले कारण सापडायला. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ आणि हलन्त (पाय मोडायची खूण); दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. आमचे जुने टंकलेखक एका पद्धतीने लिहायचे, फोनचा कीबोर्ड दुसऱ्या. आमच्या साइटच्या आतल्या शोधाला हे कुणी शिकवलंच नव्हतं. किनाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, कर्मचाऱ्यांना, सगळ्यांची तीच गत. त्याआधीचा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर तर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणेपर्यंत यंत्राला मराठी म्हणून कळतच नव्हता.

सगळा साठा एकाच पद्धतीत आणला, शोधाच्या खिडकीतही तोच बदल केला. दादांना परत फोन केला. ते म्हणाले, "हां, आता दिसतंय." या कामात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

मराठी साइट चालवणाऱ्यांनी आज आपापल्या साइटवर हे करून बघाच. एकदा फोनवरून आणि एकदा कॉम्प्युटरवरून शोधा.

कोल्हापूरहून

पहिलं वर्ष. नवी साइट चढवली आणि चाचणीच्या साइटवरची रोबोट्स फाइल तशीच सोबत गेली, गूगलला 'आत येऊ नका' म्हणणारी. ९ दिवस कुणाला पत्ता नाही. सापडली मला, चूकही माझीच. जाऊन सांगितलं. सरांनी आधी फाइल दुरुस्त करायला लावली आणि मग जेवायला नेलं. आता नवी साइट चढली की जेवणाआधी ती फाइल बघतो.

छत्रपती संभाजीनगरहून, पाककृती लिहिते

मी शब्दांवर पैसे मिळणारं लेखन करायची, ते २०२३ च्या शेवटी थांबलं. एजन्सीने यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. आता उरलीय माझी स्वतःची मराठवाडी पाककृतींची साइट. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), धपाटे, सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ). ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात एआयची उत्तरं निकालाच्या वर दिसायला लागली. तेव्हापासून माझी इम्प्रेशन तेवढीच आहेत, क्लिक मात्र घटत चाललेत. लोकांना माझंच प्रमाण वरच मिळतं, मग ते आत कशाला येतील?

राग येतो आणि तो मी लपवत नाही. येसराचं ते प्रमाण माझ्या आजेसासूबाईंच्या हाताचं आहे. त्यांनी कधी मोजलं नव्हतं. मी त्यांची मूठ वजनकाट्यावर धरून ग्रॅम लिहिले.

गेल्या महिन्यात परभणीच्या एका मुलीचा मेल आला. आई गेल्यावर तिने येसर करायला घेतला. वरचं उत्तर वाचून केला, पण वास तसा येईना. मग साइटवर आली. तिथे लिहिलंय की गहू आणि हरभरा डाळ वेगवेगळे भाजायचे, एकत्र नाही, आणि गहू कुठवर भाजायचे त्याचा फोटो आहे. तिला हवा होता तो वास आला. मी तिला फोन नंबर पाठवला, तासभर बोललो. आता सुशीलाचा फोटो नव्याने काढतेय, चुरमुरे किती भिजवायचे ते तिला त्यात नीट दिसलं नाही म्हणाली.