कॅव्हर्न डायव्हिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

तळठाव
नमस्कार मंडळी. माझं अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हिंग झालंय, नायट्रॉक्सही (जादा ऑक्सिजनच्या मिश्रणाचा कोर्स). मेक्सिकोत युकातानच्या सेनोटेमध्ये (पाण्याने भरलेल्या खोल विवरांत) गाईडबरोबर कॅव्हर्न, म्हणजे पाण्याखालच्या गुहेचा तोंडाकडचा भाग, पाहून आले आणि तेव्हापासून मनात दुसरं काही येत नाही. वरून उन्हाचे तिरपे झोत, खाली गोड्या पाण्याचा थर, त्याखाली खारं पाणी. दोन्ही जिथे मिसळतात तिथे पुढच्या माणसाच्या फिन (पायातले पंखे) हलल्या की सगळं तेलकट, धूसर होतं. एका वळणावर यमदूताचं चित्र असलेली ‘इथून पुढे जाऊ नका’ अशी पाटी होती. लाईन (वाट दाखवणारी दोरी) तिच्या पलीकडे अंधारात गेलेली. मला त्या पाटीपलीकडे जायचंय, पण रीतसर शिकून.

थेट केव्हचा, म्हणजे आतल्या अंधाऱ्या गुहेचा, कोर्स करता येतो का? जोडटाक्या (पाठीवरच्या दोन जोडलेल्या टाक्या) आत्ताच घ्याव्यात का? आणि कोर्सआधी घोटून ठेवावं असं काय आहे?

दोरधारी
सुरुवात कॅव्हर्नपासूनच करा. काही प्रशिक्षक कॅव्हर्न ते फुल केव्ह सलग शिकवतात, पण त्यातही पहिली पायरी हीच असते. कॅव्हर्न म्हणजे जिथून दिवसाचा उजेड सतत दिसतो तेवढाच भाग. पृष्ठभागापासूनचं अंतर खोली आणि आडवं मिळून मोजतात. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमात ते ४० मीटर आहे, इतर काही संस्था ६० मीटरपर्यंत जाऊ देतात. दोघांना शेजारी-शेजारी जाता येणार नाही अशा चिंचोळ्या जागेत शिरायचं नाही, डीकंप्रेशन (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं) लागेल असा डायव्ह करायचा नाही.

ही बंधनं कोणी बसल्याजागी ठरवलेली नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकी गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी गुहांमधल्या मृत्यूंची एकेक नोंद तपासली. तीच ती कारणं पुन्हा पुन्हा समोर आली: उघड्या पाण्यापर्यंत सलग लाईन नव्हती, परतीसाठी पुरेसा गॅस (टाकीतली श्वासाची हवा) राखला नव्हता, खोली झेपण्यापलीकडची होती. प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे टॉर्च ही दोन कारणं पुढे त्यात जोडली गेली. मेलेल्यांत ओपन वॉटरचे प्रशिक्षकसुद्धा होते, हे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. समुद्रातला दांडगा अनुभव असला तरी डोक्यावर छत आलं की सरळ वर जाण्याची वाट बंद होते.

सरावाचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण कोर्सचे दिवस वाया जातात ते इथेच. तळापासून हातभर वर, पोट जमिनीला समांतर ठेवून, पाय गुडघ्यात दुमडून स्थिर तरंगा. मग त्याच स्थितीत मास्क काढून पुन्हा घाला, बडीला (जोडीदाराला) रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) द्या, रीलची लाईन सोडा आणि गुंडाळा. हे करताना वर-खाली झालात तर अजून वेळ आहे असं समजा. नेहमीच्या वर-खाली किकने पाणी तळावर आपटतं आणि बारीक गाळ उठतो. तो उठला की स्वतःचा गेज (टाकीतला दाब दाखवणारा काटा) दिसत नाही, आणि बसायला तास तास लागू शकतात. म्हणून फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं), जागच्या जागी वळणं आणि मागे जाणं, तिन्ही अंगवळणी पडू द्या. छताकडेही लक्ष हवं, बुडबुड्यांनी तिथला गाळही खाली झरतो.

लाईन बांधणं बघायला सोपं वाटतं. पहिली गाठ उघड्या पाण्यात, जिथून सरळ वर जाता येईल अशा ठिकाणी. दुसरी गुहेच्या तोंडातून आत शिरल्यावर लगेच. पुढे लाईन ताठ ठेवत दगडांना वेढे देत जायचं. इथे एक गोष्ट डोळ्यांना कळत नाही, हातांना कळते: लाईन अशा फटीत सरकू शकते जिथून ती जाते पण माणूस जात नाही. उजेडात तुम्ही वळसा घालून बाहेर याल. गाळ उठल्यावर मात्र लाईन धरून निघालात की ती फट तुम्हाला अडवेल. म्हणून प्रत्येक वेढा देताना स्वतःला विचारायचं, डोळे मिटून मला इथून जाता येईल का? चांगला प्रशिक्षक हा सराव आधी जमिनीवर, झाडांना लाईन बांधून आणि डोळे झाकून करून घेतो. तो कंटाळवाणा समजू नका.

जोडटाक्यांची घाई नको. बहुतेक कॅव्हर्न कोर्स एका टाकीवर होतात. दोन रेग्युलेटर वेगवेगळे बसतील असा वाय किंवा एच व्हॉल्व्ह असला तर उत्तम. रेग्युलेटरची एक होज (नळी) साधारण २ मीटर लांब हवी, म्हणजे गॅस देत-घेत एकामागे एक बाहेर पडता येतं. स्नॉर्केल काढून ठेवा, लोंबणारं काहीही ठेवू नका. पुढे केव्हमध्ये माणशी ३ टॉर्च लागतील, एक मुख्य आणि दोन राखीव.

मंदश्वास
दोरधारींनी गॅसला ओझरता स्पर्श केला, म्हणून थोडी भर. टाकीत २०० बार दाब असेल तर ३ ने भाग जाणारा खालचा आकडा धरा, १८०. त्याचा तिसरा भाग ६०. म्हणजे गेज १४० वर आला की वळायचं, समोर काहीही दिसत असो. सर्वात आतल्या टोकाला बडीचा गॅस संपला तर तुमच्या १४० वर दोघांना बाहेर यायचंय, प्रत्येकी ६० धरले तर १२० लागतात. शिल्लक राहतात २०. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो आणि गाळात लाईन धरून वेग निम्मा होतो, तेव्हा ते २० कुठल्या कुठे जातात. त्यामुळे तृतीयांश ही कमाल मर्यादा समजा. पाणी आत ओढणारी गुहा असेल तर त्याच्याही बऱ्याच आधी वळा, येताना प्रवाह विरुद्ध असतो. दोघांच्या टाक्या वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर हिशोब बारमध्ये न करता लिटरमध्ये करा.

तळठाव
दोघांचेही मनापासून आभार. जोडटाक्यांचे पैसे तूर्त प्रशिक्षणाकडे वळवते. एकच विचारायचंय: मास्क झाकून लाईनवरून बाहेर येण्याच्या ड्रिलची मला खरंच धास्ती वाटते. आणि प्रशिक्षक कसा निवडायचा?

दोरधारी
धास्ती वाटते हे प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. ड्रिलमध्ये अंगठा आणि तर्जनीचं कडं करून त्यात लाईन सैल धरायची. ओढायची नाही, ओढली तर वेढा सुटतो. मागचा पुढच्याचा दंड धरतो. पुढे ढकललं की चला, एकदा आवळलं की थांबा, मागे ओढलं की मागे या. पहिल्या काही क्षणांत श्वास वाढेलच. तेव्हा थांबा, लाईन हातात आहे याची खात्री करा, दोन-तीन लांब उच्छ्वास सोडा आणि मग निघा.

प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा. शिकवणं सोडून स्वतःसाठी गुहांमध्ये किती जातो? एका वेळी किती विद्यार्थी घेतो? तयारी नसलेल्याला कार्ड (प्रमाणपत्र) न देता परत पाठवलंय का? तिसऱ्या प्रश्नावर जो ‘सगळेच पास होतात’ म्हणेल त्याच्याकडे मी माझ्या भावाला पाठवणार नाही. आणि अंगठा वर करून कोणीही, कधीही, कारण न देता डायव्ह थांबवू शकतो, हा नियम तो स्वतः पाळतो का, ते त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.