डिस्चार्जला उशीर नातेवाईकांमुळं होतोय? अजिबात पटलं नाही

शाहूपुरीकर
काल इथं एका दवाखान्याच्या मॅनेजर साहेबांनी लिहिलं की पेशंट बरा झाला तरी बेड रिकामा होत नाही याला नातेवाईकच जबाबदार, वेळेवर येत नाहीत, पैशाची सोय करत नाहीत, अमावस्या बघत बसतात आणि तिकडं कॅज्युअल्टीत नवीन पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतो. वाचून डोकंच फिरलं. वडिलांच्या ऑपरेशननंतर सकाळच्या राऊंडला सर म्हणाले आज सोडूया, आम्ही पिशव्या भरून बसलो. डिस्चार्ज समरी, म्हणजे काय उपचार झाले आणि पुढं कोणती औषधं घ्यायची तो कागद, कुठाय म्हटलं तर ज्युनिअर डॉक्टर लिहिणार, आणि ते ऑपरेशन थिएटरात. मग उरलेली औषधं मेडिकलला परत करायची, ती पावती आल्याशिवाय बिल क्लोज होत नाही. बिल झालं की टीपीए डेस्क, म्हणजे इन्शुरन्सचे कागद बघणारी खिडकी, तिथला माणूस जेवायला गेलेला. वडील सुई काढून, कपडे घालून कॉटच्या कडेला बसून. संध्याकाळी बिल हातात आलं तर रूमचा आणखी एक दिवस लावलेला, का तर दुपारचे बारा वाजून गेले. उशीर कुणी केला आणि पैसे कुणी भरायचे?
उद्या सोडायचंय हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळलेलं असतं. मग समरी आदल्या रात्री का लिहून ठेवत नाहीत?

वॉर्डातला डॉक्टर
दादा, आदल्या रात्री लिहिलेली समरी सकाळच्या रिपोर्टनं बदलते. ताप आला, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलं की सगळं परत. आणि तो ज्युनिअर रात्रभर जागा असतो हे कुणी बघत नाही. समरीत औषधाचा डोस चुकला तर उद्या तुम्हीच मारायला येणार. घाईत लिहायला ते काय लाँड्रीचं बिल आहे का?

राजारामपुरी ७वी गल्ली
कॅशलेस, म्हणजे बिल थेट इन्शुरन्स कंपनी भरते तसं, असेल तर नियम आहे की. इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आयआरडीएआयचं 29 मे 2024 चं परिपत्रक बघा, डिस्चार्जची रिक्वेस्ट मिळाल्यापासून 3 तासात कंपनीनं फायनल अप्रूव्हल द्यायचं, त्याच्या पुढं गेलं आणि दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे, पॉलिसीवाल्यानं नाही. भांडायचं तर इन्शुरन्सवाल्यांशी भांडा.

शाहूपुरीकर
अहो पण ते 3 तास रिक्वेस्ट पोचल्यापासून मोजतात. सकाळी नऊला सर सोडा म्हणाले आणि दवाखान्यानं कागद दुपारी अडीचला पाठवले तर मधले साडेपाच तास कुणाच्या खात्यात? माझा मुद्दाच तो हाय. ते घड्याळ कुणी लावतच नाही.

निवृत्त सिस्टर
समरीचं तुमचं खरंय. पण अमावस्येचं मॅनेजर खोटं बोलले नाहीत हो. मी आयुष्य वॉर्डात काढलंय. अमावस्या आली की "सिस्टर, आज नको, उद्या सोडा." शनिवारी तर बाळंतीण घरी न्यायला सासू तयारच होत नाही. टाके काढलेत, बाळ दूध पितंय, आणि बेड अडवून बसलेत. तिकडं चंदगडहून आलेली बाई बाकड्यावर.

बिंदू चौक
शाहू महाराजांच्या गावात, गोविंद पानसरे अण्णांच्या गावात अमावस्या बघून डिस्चार्ज? लाज वाटायला पाहिजे. जादूटोणा विरोधी कायदा होऊन 2013 पासून इतकी वर्षं झाली आणि आपण अजून इथंच.

गडहिंग्लजचा भाचा
ओ साहेब, अमावस्येला पेशंट घरी नेला नाही म्हणजे जादूटोणा झाला का? माझी मावशी आयसीयूतनं वाचली, आजी म्हणाली एक दिवस थांबा, थांबलो. एका दिवसाचं भाडं आम्ही भरलं. तुमच्या खिशातनं गेलं काय?

बिंदू चौक
भाडं भरलं म्हणजे बेड विकत घेतला नाही. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाची मावशी स्ट्रेचरवर असेल.

गडहिंग्लजचा भाचा
माझ्या घरच्यांवर जायचं काम नाही. समोर येऊन बोला.

बिलिंगला होतो
दोघंही थांबा जरा. मी बिलिंगच्या खिडकीत बसलोय बरीच वर्षं. अमावस्या म्हणणाऱ्यातले कितीतरी जण खरं म्हणजे पैशासाठी थांबलेले असतात. कारखान्याकडनं उसाचं बिल जमा व्हायचंय, पाहुण्याकडनं पैसे यायचेत, कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत कुणी सापडत नाही. मोठा माणूस चार लोकांसमोर पैसे नाहीत म्हणू शकत नाही, मग तिथी बरी नाही म्हणतो. फायनल आकडा आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितला की तीच माणसं सकाळी पैसे घेऊन हजर, अमावस्या असू दे नाहीतर शनिवार. आम्ही अंदाज सांगायचं टाळायचो कारण वरनं तशी सूचना होती, हेही सांगतो. आणि बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही हे मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत लिहिलंय, पण खिडकीसमोर उभा राहून हे म्हणणारा माणूस मी क्वचित बघितला.

निवृत्त सिस्टर
भाऊ, हे असेल. पण सगळ्यांचं नाही. पैसे भरून झालेल्यांनीही तिथी बघितलेली मी बघितलीय.

राधानगरी रोड
तुमचं सगळं रूम आणि कॅशलेसचं चाललंय. सरकारच्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेतला पेशंट बिल भरत नाही, तरी संध्याकाळच होते. आरोग्यमित्राकडं (योजनेचा दवाखान्यातला माणूस) कागद, फोटो, गाडीभाडं मिळाल्याची सही. सही कोण करणार, पोरगं कामावर. सहा वाजता सुटका झाली तर गावाकडची एसटी गेलेली, आणि पोटाला टाके असलेली बाई वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपमधनं न्यायची का? मग माणसं म्हणतात आजची रात्र राहू द्या. ते पण बेड अडवणं धरता काय?

वॉर्डातला डॉक्टर
नाही, ते नाही धरत. लांबच्या पेशंटचे कागद आधी करायला पाहिजेत, एवढं मान्य. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात तर कोकणातनं, सीमाभागातनं पेशंट येतात. पण सगळ्यांना सकाळीच सोडा म्हणाल तर राऊंड पहाटे घ्यावा लागेल.

शाहूपुरीकर
पहाटे कुणी सांगितलं? डिस्चार्ज कार्डावर दोन वेळा लिहा, सरांनी सोडा म्हटलं ती आणि पेशंट बाहेर पडला ती. आणि मधला उशीर दवाखान्याचा असेल तर त्या दिवसाचं भाडं लावू नका. पुढच्या आठवड्यात मी हेच लेखी देणार आहे त्या दवाखान्यात.

वॉर्डातला डॉक्टर
द्या. वेळ लिहायला माझी हरकत नाही. पण मग तिसरीही लिहा, नातेवाईक किती वाजता आले ती.

निवृत्त सिस्टर
लिहा की तिन्ही. फक्त ते लिहायचं काम परत सिस्टरच्या गळ्यात घालू नका, चाळीस पेशंटमागं दोघी असतात रात्रीला.