हातात फाईल की सबमिटचं बटण? नोकरीच्या अर्जांचे तुमचे अनुभव

जुनी_फाईल:
मध्यंतरी एका रात्री लेक लॅपटॉपवर अर्ज भरत बसली होती. आधी सीव्ही अपलोड केला, मग त्याच सीव्हीतली एकेक ओळ परत वेगवेगळ्या चौकटींत भरायला लावली. शेवटी "अर्ज मिळाला, या मेलला उत्तर देऊ नये" असा मेल आला. महिने गेले, पुढे काहीच नाही. तिचा चेहरा बघून माझे दिवस आठवले. प्लास्टिकच्या फाईलमध्ये मार्कशीटच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो आणि उत्तरासाठी स्वतःचाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. दारावर वॉचमन, मग रिसेप्शन, मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत". पाय दुखायचे. पण एका ठिकाणी साहेबांनी फाईल चाळून तोंडावर सांगितलं, "टायपिंग चांगलं आहे तुमचं, पण आम्हाला अकाउंट्सचं माणूस हवंय. पलीकडच्या इमारतीत विचारा, तिथे जागा आहे." पलीकडच्या इमारतीतच मला पहिली नोकरी लागली! हल्लीच्या मुलांना धड नकारसुद्धा मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं. तुमचे अनुभव लिहा, दोन्हीकडचे.

घाईत_आहे:
+१. "बायोडेटा ठेवून जा, कळवू" अजून कानात आहे. पण ताई, तेव्हाही कुठे कळवायचे? बाळ उठलं, उरलेलं नंतर.

मधल्या_सुट्टीत:
ते साहेब अजून मीटिंगमध्येच असतील 😀

रिसेप्शनवाली:
मी त्या टेबलामागे बसायचे, म्हणून लिहिते. येणाऱ्या प्रत्येकाचा कागद आत जायचा नाही. साहेब विचारायचे, "कसा वाटला मुलगा?" आणि माझ्या त्या दोन शब्दांवर गठ्ठ्यातली जागा ठरायची. जो नीट बोलला, इस्त्रीचा शर्ट घालून आला, तो वर. दोन बस बदलून घामाघूम आलेला आपोआप खाली. तेव्हाही मनाला पटत नव्हतं. म्हणून समोरासमोरचं सगळं न्याय्य होतं, असं मला म्हणवत नाही.

रॅम्प:
रिसेप्शनवाली, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. मी व्हीलचेअरवर असते. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे इतक्यांदा झालंय की मी आधी फोन करून पायऱ्यांचीच चौकशी करायचे. पलीकडून आवाज बदललेला कळायचा लगेच. ऑनलाइन अर्जात माझं काम आधी वाचलं जातं, खुर्ची नंतर दिसते. आताची नोकरी तशीच मिळाली. उत्तर न येण्याचा त्रास मलाही होतो, पण दारातून परत फिरण्यापेक्षा तो सोसवतो.

शब्दखुणा:
रॅम्प, मनापासून अभिनंदन! फक्त कागदावर सगळे सारखे, असंही होत नाही. बोस्टन आणि शिकागोमधला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जाहिरातींना उत्तर म्हणून सुमारे ५,००० बनावट रेझ्युमे पाठवले, नावं तेवढी बदललेली. गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. माणूस कोणी पाहिलाच नव्हता! यंत्राचंही तेच. ॲमेझॉनने रेझ्युमेंना गुण देणारी प्रणाली बनवून बघितली, ती जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर शिकली आणि "महिला" शब्द असलेल्या अर्जांना कमी लेखायला लागली. त्यांनी ती गुंडाळली, २०१८ मध्ये बातमी आली होती.

मधल्या_सुट्टीत:
कुणीतरी सांगा, फोनवर स्कॅन केलेला सीव्ही चालतो का? साइट म्हणते फाईल मोठी आहे.

भरतीवाला:
स्कॅन नको. तो फोटो असतो, भरतीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत. वर्डमधूनच पीडीएफ सेव्ह करा, आकारही लहान होतो. दोन कॉलम, तक्ते, आयकॉन टाळा, वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात.
आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर अर्ज फेकून देतं असा मोठा समज आहे. मी रोज त्यावर काम करतो. ते मुख्यतः अर्ज साठवतं, रकाने भरतं, शोधायला मदत करतं. आपोआप नकार येतो तो बहुधा सुरुवातीच्या हो-नाही प्रश्नांवर: परवाना आहे का, रात्रपाळी चालेल का. बाकीचे अर्ज माणसाने उघडायचे असतात, पण एका जागेला इतके येतात की खालचे उघडलेच जात नाहीत. म्हणून जाहिरात आली की लगेच करा. आणि जाहिरातीत जो शब्द आहे तोच तुमच्या कामाला लागू असेल तर तसाच लिहा, आम्ही त्याच शब्दाने शोधतो.

पन्नाशीपार:
जन्मसाल निवडायची ती यादी खाली सरकवत राहायची, सरकवत राहायची... कंपनी बंद पडल्यावर मी परत अर्ज करायला लागलो तेव्हा हे पहिल्यांदा केलं. समोर बसलो असतो तर पांढरे केस दिसले असते, पण हातातलं कामही दाखवता आलं असतं. लेथवर माझा हात बघून पूर्वी जागेवर घेतलंय लोकांनी. ते चौकटीत कसं लिहू?

जुनी_फाईल:
दादा, वाचून गलबलून आलं. तुमच्या कामाचे छोटे व्हिडिओ काढून सोबत जोडता येतील का? आणि जिथे हाताचं काम आहे, तिथे सरळ दारात जा. वर्कशॉप, छोटे कारखाने, दुकानं, तिथे अजून माणूस बघूनच घेतात.

पन्नाशीपार:
व्हिडिओ मुलाला काढायला सांगतो आजच. 🙏

निळी_शाई:
विषयांतर, पण लिओनार्दो दा विंचीनेही अर्ज केला होता! १४८२ च्या सुमाराचं, मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेलं पत्र आहे. पूल बांधेन, तोफा करेन अशी यादी, चित्रकला पार शेवटी. जिथे मागणी लढाईच्या सामानाची, तिथे ते आधी लिहिलं. भरतीवाला म्हणतात तेच.

घाईत_आहे:
परत आले. त्या एकतर्फी व्हिडिओ मुलाखती कुणी दिल्यात? पडद्यावर प्रश्न येतो, घड्याळ उलटं धावतं, समोर माणूसच नाही. मान डोलवणारं कुणी नसेल तर बोलायचं कुणाशी? मला खूप अवघड गेलं.

रॅम्प:
दिलीय. कॅमेऱ्याच्या मागे मैत्रिणीचा फोटो चिकटवला आणि तिला सांगितलं सगळं. खरंच फरक पडतो.

शब्दखुणा:
नवीन मुलांना एक कळकळीने सांगते. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपची अनामत, कशाहीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. शेजारच्या मुलीला ऑफर लेटरसुद्धा आलं होतं, लोगोसकट. पैसे गेले, नोकरी नव्हतीच. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते बघा, कंपनीच्या मूळ साइटवर ती जागा आहे का ते बघा.

मधल्या_सुट्टीत:
पीडीएफ गेली एकदाची! भरतीवाला, अर्ज केल्यावर आठवणीचा मेल टाकला तर राग येतो का हो?

भरतीवाला:
अजिबात नाही. शेवटची तारीख उलटून आठवडा झाला की एक छोटा मेल टाका. विषयात पदाचं नाव आणि अर्ज क्रमांक, खाली दोनच ओळी. आणि जुनी_फाईल, तुमच्या लेकीला सांगा, नकार कळवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. एका बटणावर सगळ्यांना जातो, कळवायचं की नाही हे माणूस ठरवतो. मी जागा भरली की त्याच दिवशी ते बटण दाबतो, आणि टीममध्ये नवीन येणाऱ्यालाही आधी तेच शिकवतो.