गुहागरात केल लावली आहे: पानं कधी खुडायची, भाजी कशी करायची?

आगरवाली, गुहागर
नमस्कार मंडळी. आमच्या आगरात माडांच्या कडेला, दुपारपर्यंत ऊन येतं तिथे, यंदा केलचा (kale, कोबीच्या कुळातली पालेभाजी) वाफा केलाय. बी नणंदेने पुण्याहून आणलं. दसऱ्याला पेरलं, दिवाळी उरकल्यावर रोपं लावली. आता झाडं गुडघ्याएवढी आहेत, पानं गर्द हिरवी, कुरळी. पण थोडी पानं उकडून पाहिली तर कडवट आणि चिवट लागली. सासूबाई म्हणतात, हा गुरांचा पाला. मला ही भाजी घरात रुजवायचीच आहे. कुठली पानं खुडायची? पानांच्या मागे राखाडी मावाही दिसतोय. बी घरचं धरता येईल का? आणि सासरे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, त्यांना चालेल का?

परसदार, दापोली
ताई, वेळ अगदी बरोबर साधलीत. आपल्याकडे केलला पाऊस सरल्यापासून शिमग्यापर्यंतच दिवस आहेत.

कडवटपणाचं कारण हवेत आहे. ही थंडीची भाजी. कडाक्याच्या थंडीत पानात साखर वाढते, म्हणून हिमाच्या मुलखात ती गोड लागते. आमच्या दापोलीला थोडी तरी थंडी पडते, तुमच्याकडे समुद्रकाठी त्याहून कमी. तेव्हा कोकणात केल गोड करायची ती कोवळी खुडून आणि नीट शिजवून. पान तळहाताएवढं झालं की काढा, पंजापेक्षा मोठं होऊ देऊच नका. खालून खुडत वर जायचं, शेंड्याकडची पाच-सहा पानं ठेवायची, शेंड्याला हात लावायचा नाही. खुडणी पहाटे, पान ताठ असताना. आता खाली जी जून पानं आहेत ती सगळी एकदाच काढून गुरांना घाला. सासूबाईंचं त्या पानांपुरतं खरंच आहे.

आगराची माती पुळणीची, म्हणजे वाळूची असेल तर पाणी टिकत नाही. पाण्याचा ताण पडला की पान लगेच चिवट होतं. बुंध्याशी पातेरा (सुका पाला) पसरा, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं शिंपा, पंधरा दिवसांनी शेणाचं पातळ पाणी द्या. ज्यांची जमीन जांभ्याची आहे त्यांनी लावणीआधी थोडा चुना किंवा चुलीतली राख मिसळावी, कारण ती माती आंबट असते आणि कोबीच्या कुळाला ते मानवत नाही.

माव्यासाठी आधी पान उलटं करून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. कुरळ्या पानाच्या चुण्यांत मावा लपतो, म्हणून खुडलेली पानं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि एकेक करून धुवा.

घरचं बी मात्र विसरा. केलला फुलोरा यायला कित्येक आठवडे सलग थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. झाड नुसतं उंच होत जातं. दर वर्षी बी विकत आणावं लागेल.

आता भाजी. मधला जाड देठ काढून टाका, हे सोडू नका. पानं एकावर एक ठेवून, गुंडाळी करून बारीक चिरा. खोबरेल तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा. त्यावर भिजवलेली मूगडाळ, मग पाला. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि डाळ बोटचेपी होऊ द्या. लाल माठासारखी वाफेवर झटपट होत नाही, हिला वेळ द्यावा लागतो. मीठ शेवटी, कारण पाला आळतो. मग गुळाचा खडा आणि मूठभर ओलं खोबरं. भाताबरोबर फार छान लागते. काश्मिरातला हाख नावाचा पाला याच कुळातला, तोही रोज भाताबरोबरच खातात.

सासूबाईंना एवढंच सांगा की केल, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत. नवलकोलाचा कोवळा पाला त्यांनी नक्की कधी तरी शिजवला असेल.

चौलकर
कोबीच्या भानोळ्यात अर्धा कोबी, अर्धी केल घालून पाहा. बेसन, कांदा, आलं-लसूण, खोबरं, जाड बुडाच्या कढईत दोन्ही बाजूंनी खरपूस. कडवटपणा कळतही नाही. नाहीतर मुळ्याच्या पाल्यात घालतो तसा भाजलेला जवळा घाला.

औषधवाला, चिपळूण
गोळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. केलमध्ये व्हिटॅमिन के खूप असतं आणि वॉरफरिन, असिट्रोम यांसारख्या गोळ्या त्याच्याच विरुद्ध काम करतात. आठवडाभर भरपूर केल खाल्ली तर गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं, म्हणून आधी गोळीचं नाव पाहा आणि डॉक्टरांना विचारा. तोवर त्यांच्या ताटात नको.

आगरवाली, गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. नाव पाहिलं, असिट्रोमच आहे. उद्याच डॉक्टरांना फोन करते. परसदारताई, शिमग्याआधी एकदम पाला निघाला तर ठेवायचा कसा?

परसदार, दापोली
देठ काढून, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून लगेच थंड पाण्यात घाला. घट्ट पिळून एका वेळच्या भाजीएवढे गोळे करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. पावसाळ्यात डाळीत थेट टाकता येतात.